अर्जुनाचा जयजयकार, शरकाराचे विस्मरण

विजयादशमीला शस्त्रपूजन करणारा आपला समाज आहे. त्या दिवशी सैन्याच्या छावण्यांत तोफांना हार पडतात, कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू लागते, घराघरांत पाटीपुस्तकांपुढे उदबत्ती लावली जाते. शस्त्र हे केवळ संहाराचे नव्हे, तर धर्मरक्षणाचे साधन आहे, ही त्यामागची धारणा. मात्र या पूजेत एक उणीव राहून जाते. पूजा होते ती धनुष्याची. बाणाची आठवण फारसे कोणी काढत नाही आणि बाण घडवणाऱ्याची तर नाहीच.

आपल्या पूर्वजांना मात्र तो ठाऊक होता. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत एक शरकार आहे, बाण घडवणारा साधा कारागीर. बाण सरळ करण्यात तो इतका तल्लीन झाला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला तिचा पत्ता लागला नाही. या कथेतून आपण एकाग्रतेचा आध्यात्मिक बोध घेतला आणि तो उचितच होता. पण बाण किंचित वाकडा राहिला तर अर्जुनाचा डोळाही निरुपयोगी ठरतो, हे त्या कथेतले व्यावहारिक सत्य आपण सोडून दिले. आज रायफलच्या काडतुसाच्या बाबतीत देश नेमकी हीच किंमत मोजत आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंजली भागवत, सुमा शिरूर, स्वप्नीलच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे आणि २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती ठरलेली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत, ही महाराष्ट्राची परंपरा पाहता हे यश आकस्मिक नव्हते. या सर्वांचे कौतुक झाले, सत्कार झाले, ते व्हायलाच हवेत. पण त्यांच्या रायफलमध्ये जे काडतूस बसते ते कुठून येते, हा प्रश्न एकाही सत्कार सभेत विचारला गेला नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणारे आपले रायफलपटू प्रामुख्याने परदेशी काडतुसांवर विसंबून असतात. १८२८ साली स्थापन झालेली ब्रिटनची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. स्वदेशी नाव त्या यादीत नाही.

काडतूस ते काय, त्यात एवढे ते काय, असे वाटणाऱ्यांसाठी थोडा हिशेब मांडला पाहिजे. ५० मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे. ज्याला आपल्याकडे 'पॉइंट टूटू' म्हणतात, त्या .२२ काडतुसाची शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. नेमयंत्र त्या हिशेबाने लावलेले असते. आता एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा सेकंदाला फक्त तीन मीटरने कमी पडला, तर गोळी सुमारे दोन मिलिमीटर अधिक खाली बसते. खेळाडूचा श्वास, नाडी, चापावरील बोट हे सारे निर्दोष असतानाही त्याचे दोन-तीन दशांश गुण निघून जातात. अंतिम फेरीत दशांशावर पदके ठरतात. म्हणजे वर्षानुवर्षांची तपश्चर्या कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातल्या चिमूटभर दारूच्या हवाली असते.

मोठ्या रायफलींच्या बाबतीत तर हा फरक अंतरासरशी वाढत जातो. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात वेगाचा एक टक्का फरक १०० मीटरवर जेमतेम दीड मिलिमीटर दिसतो. तोच ९०० मीटरवर वीतभर होतो. सीमेवर दडून बसलेल्या जवानाला ही वीत जीवनमरणाची असते.

अचूकतेचे रहस्य काय? त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: एकसारखेपणा. काडतुसाचे घटक चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यांतील कोणताही घटक अलौकिक असण्याची गरज नाही. गरज असते ती शंभरावे काडतूस पहिल्यासारखे असण्याची. अमेरिकेत ही एकसारखेपणाची साधना सामान्य नागरिकांनी केली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. तेथील शिकारी आणि नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. एकदा झाडलेली पुंगळी फेकून न देता ती स्वच्छ करायची, साच्यातून दाबून मूळ मापात आणायची, लांबी जास्त झाली असेल तर तोंड कापून सारखे करायचे, नवी टोपी बसवायची, मग दारू तोलायची. हे तोलणे एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत चालते. ग्रेन म्हणजे आपल्या सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मे वजन, त्याचाही दहावा भाग. शेवटी गोळी प्रत्येक पुंगळीत तेवढ्याच खोलीवर आणि अगदी सरळ बसवायची. गोळी किंचित तिरपी बसली तर ती नळीच्या आट्यांत तिरपी शिरते आणि तिरपी बाहेर पडते.

परंतु यापेक्षाही महत्त्वाची आहे ती या कामातली शिस्त. आपल्या रायफलला कोणते काडतूस मानवते, हे शोधताना एका वेळी एकच घटक बदलायचा असतो. दारूचे प्रमाण कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातील खालच्या टोकापासून सुरू करायचे आणि थोडेथोडे वाढवत जायचे. उतावीळपणा करणाऱ्याची बंदूक त्याच्याच तोंडावर फुटते. प्रत्येक टप्प्यावर गोळ्या झाडून त्यांचे लक्ष्यावरचे पुंजके मोजायचे, वेगमापकाने प्रत्येक गोळीचा वेग टिपायचा आणि सर्व काही वहीत लिहायचे. तीन गोळ्या एकाच भोकातून गेल्या म्हणून हुरळून जाणारा माणूस या विद्येत कच्चा समजला जातो. तीन गोळ्यांचा पुंजका योगायोगानेही जुळतो. दहा-वीस गोळ्यांनंतर तो टिकला तरच खरा. आणि जी गोळी भलतीकडे गेली तिला 'ही मोजायची नाही' असे म्हणून वगळायचे नसते. स्वतःच्या कामाचा इतका निर्दय हिशेब ठेवण्याची सवय ज्या समाजातील शेतकऱ्याला, गवंड्याला, शाळामास्तराला जडते, त्या समाजात अचूक यंत्रे बनू लागली तर आश्चर्य कसले?

आणि तसेच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने सरकारकडे उरलेली लष्करी दारू विकत घेऊन ती हौशी नेमबाजांना विकण्यास प्रारंभ केला. त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. नेब्रास्कातील जॉइस हॉर्नडी यांनी १९४९ साली गोळ्या बनवण्याची कंपनी काढली. वॉल्ट बर्गर हे स्वतः स्पर्धक, त्यांनी स्वतःसाठी गोळ्या बनवता बनवता नाव कमावले. १९४७ साली सुरू झालेल्या सिएरा कंपनीने स्पर्धेसाठी घडवलेली गोळी तर पुढे अमेरिकी लष्कराच्या निष्णात नेमबाजांच्या काडतुसात बसवली गेली. लष्कराने नागरिकांकडून अचूकता घेतली, असा हा उलटा प्रवाह आहे.

हे केवळ महासत्तेलाच परवडते, असेही नाही. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. १९२३ पासून लापुआ या गावी काडतुसांचा कारखाना आहे. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात बलाढ्य सोव्हिएत सैन्याला ज्याने धडकी भरवली, तो सिमो हायहा पेशाने शेतकरी होता आणि त्याचा नेम स्वयंसेवी नागरी संरक्षक दलात घडला होता. या गावाने किंमतही मोजली आहे. १३ एप्रिल १९७६ रोजी लापुआच्या कारखान्यात स्फोट होऊन ४० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तरीही त्या देशाने ही विद्या सोडली नाही. आज .३३८ लापुआ मॅग्नम हे त्या गावाचे नाव धारण करणारे काडतूस जगभरच्या सैन्यांत वापरले जाते. २०२२ मध्ये आपल्या भूदलाने नियंत्रण रेषेवरील जवानांच्या हाती साको टीआरजी-४२ ही जी रायफल दिली, ती फिनलंडची आणि तिचे काडतूसही हेच.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण तर आपल्या हवामानाला अधिक जवळचे. दारू तापली की वेगाने जळते, गारठली की मंदावते. त्यामुळे सकाळी जुळलेला नेम दुपारी चुकतो. न्यू साउथ वेल्समधील मुलवाला येथील कारखान्याने तापमानाचा परिणाम अत्यल्प होईल अशा दारू तयार केल्या आणि अमेरिकेतले चोखंदळ नेमबाज त्या आवर्जून विकत घेऊ लागले. ज्या देशाचा जवान जैसलमेरच्या ४५ अंशांत आणि सियाचीनच्या उणे तापमानात एकाच वेळी उभा आहे, त्या देशाला या संशोधनाची गरज सर्वाधिक नाही काय?

आपल्याला हे नवे नाही, याची साक्ष आपलाच इतिहास देतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूस ओल लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण इत्यादी बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, अशी बारीक ताकीद आहे. दारूचा कोरडेपणा हा राज्यकारभाराचा विषय मानणारे ते स्वराज्य होते. पुढे परदास्यात ही दृष्टी गेली. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथून एन्फिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता पसरली, तिथून ठिणगी पडली आणि २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे उभे ठाकले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सप्रमाण दाखवून दिल्याप्रमाणे त्या स्वातंत्र्यसमराची कारणे काडतुसाहून कितीतरी खोल होती. परंतु दुसऱ्याने बनवलेले काडतूस दातांनी फोडणाऱ्या शिपायाला त्यात काय आहे हे ठाऊक नसते, एवढा धडा तरी त्या काडतुसाने दिलाच. त्याच डमडममध्ये १८९० च्या दशकात इंग्रजांनी शरीरात फुलणारी गोळी बनवली. १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांना युद्धात मनाई केली. आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने लॉर्ड लिटनने हिंदी समाजाला निःशस्त्र केले. शस्त्र गेले, त्याबरोबर शस्त्राचे शास्त्रही गेले.

स्वातंत्र्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी आयुध निर्माणी उभी राहिली. १९६५ आणि १९७१ ची युद्धे याच कामगारांच्या घामावर लढली गेली. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतील स्फोटात कामगारांचे बळी गेले, तेव्हा या कामात काय पणाला लागते याची देशाला पुन्हा जाणीव झाली. हे आपले शरकार आहेत आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा कुणालाही अधिकार नाही. दोष त्यांचा नाही. दोष आहे तो आपण त्यांच्यापुढे ठेवलेल्या मोजपट्टीचा. सरकारी व्यवस्थेने नेहमी नग मोजले, पुंजका मोजला नाही. कोटी काडतुसे वेळेवर निघाली की काम झाले. त्यांतील दहा काडतुसे एकमेकांसारखी किती, हा प्रश्न विचारणारा ग्राहकच त्या व्यवस्थेत नव्हता. लष्कराच्या सर्वसाधारण वापरास ते पुरेसे होते, स्पर्धेला आणि निष्णात नेमबाजाला नव्हते.

आता परिस्थिती पालटू लागली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतील दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी पुण्यातच आहे. बंगळुरूच्या एका खासगी कंपनीने .३३८ लापुआ मॅग्नमची स्वदेशी रायफल बनवली. कानपुरात फेब्रुवारी २०२४ मध्ये खासगी क्षेत्रातील दारूगोळ्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. स्वागतार्हच आहे हे. परंतु येथेही पुन्हा कोटींचीच भाषा ऐकू येते. अचूकतेची भाषा अजून कानावर येत नाही.

यावर काही मंडळी लगेच विचारतील, की तुम्हाला अमेरिकेची बंदूक संस्कृती येथे आणायची आहे काय? मुळीच नाही. ज्या देशात शाळकरी मुलांवर गोळीबार होतो, त्याचे अनुकरण करण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये शस्त्रे वा दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो आणि तो लागलाच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, तीही योग्यच. घराघरांत दारू भरण्याची यंत्रे नकोत. हवी आहे ती अमेरिकी माणसाची वही. त्याची बंदूक नव्हे. घरात जे नको ते परवान्याखाली, देखरेखीखाली, संस्थेच्या आवारात करता येते.

ते कसे, हेही सांगितले पाहिजे. .२२ काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या काठातच पसरलेला असतो. म्हणून जगभरचे नेमबाज एक मार्ग अवलंबतात. कंपनीच्या चाचणीकेंद्रात स्वतःची रायफल घेऊन जायचे, ती शिकंज्यात घट्ट बसवायची, निरनिराळ्या खेपांची काडतुसे तिच्यातून झाडायची आणि जी खेप त्या नळीला सर्वाधिक मानवेल ती विकत घ्यायची. एकाच साच्याच्या दोन रायफलींनाही एकच खेप मानवेल असे नसते. आपल्या खेळाडूला ही चाचणी करण्यासाठी युरोप गाठावा का लागावा? बालेवाडीच्या क्रीडासंकुलात असे केंद्र उभे करणे अशक्य आहे काय? त्याच पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन संस्थेच्या एआरडीई आणि एचईएमआरएल या शस्त्र व स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या दोन प्रयोगशाळा आहेत, खडकीला कारखाना आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि ऑलिंपिक दर्जाचे खेळाडू आहेत. एका शहरात इतके सारे एकत्र असणे हे जगात विरळा. कमतरता आहे ती या सर्वांना एका टेबलाभोवती बसवणाऱ्याची.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. खडकी वा वरणगाव येथे स्पर्धेच्या काडतुसांची एक लहान, स्वतंत्र उत्पादनरेषा असावी; तिचे यश नगांवर नव्हे, तर ५० मीटरवरील पुंजक्यावर मोजले जावे. प्रत्येक खेपेच्या चाचणीचा निकाल, चांगला असो वा वाईट, जाहीर व्हावा. आणि ३०० मीटरच्या मोठ्या रायफलींसाठी मान्यताप्राप्त रायफल क्लबांत, दारूच्या प्रत्येक ग्रॅमची नोंद ठेवणारे, परवानाधारक भरणकक्ष असावेत. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाने यात पुढाकार घ्यावा. १९५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचेही पहिले सभापती होते. स्वतंत्र देशाच्या पहिल्या सभापतीने नेमबाजीच्या संघटनेचे नेतृत्व करावे, यात त्या पिढीची जी दृष्टी होती, ती आज अधिक आवश्यक आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले अभियांत्रिकीच्या वाटेवर आहेत. संगणकाच्या पडद्यापलीकडेही एक जग आहे, जिथे धातूच्या हजाराव्या भागाशी झुंजावे लागते आणि जिथे देशाला माणसे हवी आहेत, हे त्यांना सांगितले पाहिजे. स्वदेशी म्हणजे परदेशी माल न घेण्याची शपथ, एवढाच तिचा अर्थ नाही. परदेशी मालाला लाजवील इतका चोख माल घडवणे, हा तिचा खरा अर्थ आहे. दहापैकी नऊ काडतुसे चांगली निघाली म्हणून समाधान मानणारा समाज पदके मिळवील, पण ती दुसऱ्याच्या दारूवर. दहावे काडतूस का चुकले, याचा शोध घेत रात्रभर जागणारी माणसे ज्या दिवशी या देशात सन्मानाने ओळखली जातील, त्या दिवशी आपले शस्त्रपूजन खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.